ओढ्याकाठचा शेंदूर

इस्लामपूरच्या कडेच्या वसाहतीतल्या ओढ्यापुढं सुभेदार दादासोंनी हात टेकले होते. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलेला गडी. पण दर रविवारी दहा-बारा जणांनी मिळून ओढा साफ करावा आणि सोमवारी पुलावरून कचऱ्याच्या पिशव्या पुन्हा धपाधप पडाव्यात! पाट्या लावल्या, शिट्ट्या फुंकल्या, हातापाया पडले. लोक ढिम्म.

मग एका पहाटे त्यांनी पुलाशेजारी धोंडा रोवला, त्याला शेंदूर फासला आणि गुपचूप घरी येऊन चहा घेतला. मात्रा लागू पडली. पिशव्या बंद!

पण आपली माणसं देवाकडं रिकाम्या हातानं थोडीच जातात? आधी नारळ आले, मग हार, उदबत्तीचे पुडे, नवसाचे खण. सगळं शेवटी ओढ्यातच. महिन्याभरात तो पहिल्यापेक्षा जास्त तुंबला. त्यात अमावस्येला भंडारा ठरला. पाचशे पानं, सगळी थर्माकोलची. दादासोंना घास गोड लागेना. खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर ओढा जातो.

भंडाऱ्याच्या बैठकीत ते उभे राहिले.

"आवं, त्यो देव न्हाई. म्याच रोवलेला धोंडा हाय. शेंदूर बी मीच फासलाय."

भंडाऱ्याचे पुढारी लालासाहेब गहिवरले. "म्हंजे देवानं तुमच्या हातनं रोवून घेतला! लय भाग्याचं तुमी, सुबेदार!"

आणि लोक दादासोंच्याच पाया पडायला लागले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी न चुकता ओढ्यात उतरणारी म्हातारी बनाबाई मागून म्हणाली, "देव तुमी आणला न्हवं? मग त्येला काय आवडतं त्ये बी तुमीच सांगा की."

खऱ्यानं भागत नाही म्हटल्यावर सुभेदारांनी घसा खाकरला. "नारळ न्हाई, हार न्हाई. वढ्यातला घमेलंभर गाळ भाईर काढायचा, त्योच निवद. आन् जेवायला ताट घरनं आणायचं."

अमावस्येला ओढ्यात ही गर्दी उसळली. सगळ्यांत पुढं लालासाहेब, धोतर खोचून, गुडघाभर चिखलात. दादासो काठावर उभं राहून मिशीतल्या मिशीत हसत होते. तोच बनाबाईनं रिकामं घमेलं त्यांच्या हातात कोंबलं.

"खोटा देव मांडलासा," ती हळूच म्हणाली. "तुमास्नी धा घमेली."

अख्ख्या वसाहतीत निदान एकीनं तरी आपलं खरं मानलं, याचा दादासोंना इतका आनंद झाला की त्यांनी पंधरा काढली.