उभ्याने कीर्तन

कीर्तन उभ्याने करायचं असतं. बसून सांगितलं की ते प्रवचन. दोन्ही देवाचंच, पण सोनलला कीर्तनच करायचं होतं. पुरे दोन तास, आणि नानांसमोर.

नाना म्हणजे तिचे वडील, गोविंदराव. डहाणूत त्यांच्या वाडीतले चिकू गोड, की कीर्तन, यावर लोक गमतीने भांडत. चार वर्षांपूर्वी तलासरीहून परतताना हायवेवर त्यांची मोटरसायकल घसरली. नाना अभंग गुणगुणत गाडी चालवत होते. त्यांना नुसतं खरचटलं. मागे बसलेल्या सोनलचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून नानांनी चिपळ्यांना हात लावला नाही. लेकीच्या नव्या पायाकडे तर त्यांनी कधी पाहिलंच नाही. ती वाढायला आली की ते ताटात बघत राहायचे.

सोनल वाडीत सराव करी. बायका चिकू उतरवून क्रेट भरायच्या, ही झाडाखाली उभी राहून आख्यान म्हणायची. पहिल्या दिवशी अर्धा क्रेट भरेपर्यंतच नव्या पायात खुंटाची कातडी सोलली.

"आज तीन क्रेट झाले, ताई," एकदा क्रेट भरणारी बारकी म्हणाली. "झाडाला पण बसावंसं वाटत असेल. तू बस ना."

"झाडाला कुठे कीर्तन करायचंय, बारके?"

हिरकणी आत्याला मात्र राहवेना. "खुर्ची ठेवू का गं मागे? देव काय रागावतोय?"

"देव नाही रागावणार, आत्या. नाना त्या खुर्चीकडे बघतील आणि मनात पुन्हा ती गाडी चालवतील."

रामनवमीच्या उत्सवात ती उभी राहिली. पूर्वरंग झाला, बुक्का लागला. आख्यान तिने श्रावणबाळाचं घेतलं. "राजाने बाण मुद्दाम नव्हता हो मारला," ती सांगत होती. "आणि श्रावण मरताना त्याला शिव्या देत नाही. म्हणतो, आई-बाबा तहानलेत, तेवढं पाणी नेऊन द्या." खांबाआड बसलेल्या नानांनी उपरण्यात तोंड लपवलं.

दोन तास पुरे झाले. आरती झाली. कीर्तनकार नारदाच्या गादीवर असतो, तोवर थोरामोठ्यांनीही त्याच्या पाया पडायचं. रांग सरकत होती, सोनल एकेकाच्या हातावर सुंठवडा ठेवत होती. रांग संपली असं वाटून तिने खाली पाहिलं, तर तिच्या डाव्या पावलावर पांढरं डोकं टेकलेलं.

"नाना, उठा."

"याला काही कळतं का गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"म्हणजे मी आलेलो तुला कळलंच नाही."

"दिसलात ना, नाना."

ते उठेनात. त्या पायावर हात फिरवत राहिले, तिला न कळणारा. वर मांडीपर्यंत ठणका चढला होता, खुंटावरच्या मोज्यात रक्त ओलं लागत होतं. सोनलने पाय हलवला नाही.