कोल्ड रूममधली परीक्षा

सतरा वर्षं पलटणीत काढून मानसिंग हवालदार होऊन रहिमतपूरला परतला, तेव्हा त्याचं पुढचं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मेहुणा भाऊसो तर साखर कारखान्यावर वॉचमनच्या जागेसाठी शब्द टाकून मोकळा झाला होता.

"गेटवरच उभं ऱ्हायचं असतं तर तिकडंच ऱ्हायलो असतो की," असं म्हणून मानसिंगनं गावातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. फ्रिज-एसी दुरुस्तीचा एक वर्षाचा डिप्लोमा. वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं, त्यात हा एकोणचाळिशीचा.

वर्ष संपत आलं तसा तो रोज नोकरीच्या जाहिराती चाळायला लागला. आयटीआयची पोरं सोडून आपला कागद कोण विचारणार? बायको संयोगिता रोज घरखर्चाची वही त्याच्यासमोरच मांडून बसायची. त्याचीच त्याला जास्त धास्ती.

शेवटी शिरवळच्या एका आइस्क्रीम कारखान्याचं बोलावणं आलं. जागा एकच, तीही कामाची परीक्षा घेऊन भरायची. कॉलेजनं दोघांना पाठवलं, मानसिंगला आणि त्याच्या वर्गातल्या सोनमला. सोनम माणदेशातल्या मेंढपाळाची लेक. वर्षभर पुस्तकातले इंग्रजी शब्द तिनंच त्याला फोड करून सांगितले होते. एसटीत दोघं शेजारी बसली, पण सातारा सोडल्यावर दोघंही आपापल्या वहीत डोकं घालून बसली.

मेंटेनन्सचे प्रमुख इंद्रजित साहेब. अर्ज बघून म्हणाले, "माजी सैनिक? मग सिक्युरिटीत जागा आहे, आजच घेतो."

मानसिंगनं अर्जावर बोट ठेवलं. "साहेब, मी परीक्षेला आलोय."

आधी सोनम आत गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली ती घाईनं त्याच्याकडेच. "काका, आत ना..."

"सांगू नगंस, पोरी." असं म्हणून तो तसाच आत गेला.

आत कोल्ड रूम होती, आइस्क्रीम ठेवायची थंड खोली. बाहेर मशीन चालू, पण खोलीत थंडावा नाही. कारण शोधायचं होतं. मानसिंगनं गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं. काटा पार खाली. वर्गात हजारदा घोकलेलं उत्तर तोंडातून निघून गेलं, "गॅस कमी हाय, साहेब."

"मग भरू?"

साहेबांचा चेहरा कोरा. हो म्हणावं आणि सुटावं, असं झालं मानसिंगला. पण काहीतरी खटकत होतं. बंद खोलीतून कसलाच आवाज येत नव्हता. त्यानं खोलीचं दार उघडलं. थंडावा देणाऱ्या कॉइलच्या नळ्यांवर बर्फाचा जाड थर, आणि पंखा ठप्प.

"थांबा साहेब, चुकलं माझं. गॅस भरू नगा. पंखा बंद हाय, वारं फिरंना म्हणून कॉइल गोठलीय, त्यानंच काटा खाली आलाय."

मग बटण बंद करून त्यानं पंख्याला चालना देणारा कपॅसिटर तपासला. तो गेलेला होता.

तासाभरानं साहेबांनी दोघांना बोलावलं. जागा सोनमची. तिनं पहिल्याच झटक्याला पंखा पकडला होता.

"तुम्ही आधी चुकीचं बोललात," साहेब मानसिंगला म्हणाले. "पण कबूल केलंत. हेल्पर म्हणून या, हिच्याच शिफ्टला. सहा महिने बघू, पुढची खात्री नाही. सिक्युरिटीत मात्र कायम व्हाल. आत्ताच सांगा."

मानसिंग बाहेर आला. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हाताखाली हेल्पर! गाव हसेल. आणि सहा महिन्यांनी घरी पाठवलं तर? त्यानं घरी फोन लावला आणि संयोगिताला सगळं सांगितलं.

तिनं एवढंच विचारलं, "आवं, काम मशीनचं हाय का गेटचं?"

"मशीनचं."

"मग मला काय इचारताय? वरीसभर कशापायी शिकलाय?"

त्यानं आत जाऊन सही केली.

सोमवारी पहिल्या शिफ्टला सोनम कंप्रेसरपाशी अवघडून उभी होती. मानसिंग पान्यांची पिशवी घेऊन मागं.

"काका, मी... म्हंजी तुमी जरा..."

"सांग की गं," तो म्हणाला. "हुकूम ऐकायची सवय हाय मला."

सहा महिन्यांचा घोर काही मनातून गेला नव्हता. पण त्यानं बाह्या सारल्या आणि तिनं दाखवलेला नट ढिला करायला घेतला.