उजव्या कोपऱ्यातली चौकट

मी एक जुना फळा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी रागावलेलो आहे. फळ्याला कसला आलाय राग, असं म्हणू नका. माझ्या अंगावरून आयुष्यभर फडकं फिरलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काय पुसावं आणि काय पुसू नये, यालाही काही रीत असते.

ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. बाकांसाठी आणलेल्या लाकडातल्या दोन फळ्या उरल्या होत्या, त्या जोडून एका सुताराने मला बनवलं. जोड नीट बसला नाही, म्हणून माझ्या मधोमध खडू अजून ठेचकाळतो. दर मंगळवारी संध्याकाळी इथे मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवलं जायचं. शिकवायचे शिंपीकाका. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने एक चौकट आखली. शिकणाऱ्याने जे स्वतः लिहिलं ते तिथे राहायचं. पुढच्या मंगळवारी त्यालाच पुढचं जोडायचं. बाकीचा फळा कुणीही पुसावा, चौकटीला मात्र हात लावायचा नाही.

तेव्हाचे जुने पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, खोलीत आले की आधी चौकट बघायचे. "वा, या आठवड्यात वेलांटी आली की!" असं म्हणायचे. तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

याच वर्गात इस्त्रीवाली मावशी येऊ लागली. वय साठीच्या पुढे. तिचा नवरा वारला, तेव्हा त्याच्या पवित्र शास्त्राच्या पुस्तकात एका ओळीखाली पेन्सिलची रेघ निघाली. कुणीही ती ओळ तिला वाचून दाखवली असती. पण ती म्हणाली, "नको. जाण्याआधी ते काय वाचत होते, ते माझं मीच वाचणार." मग चौकटीत ती ओळ उगवू लागली. ओळखू आलेलं अक्षर मावशी लिहायची, न आलेल्या अक्षराची जागा मोकळी सोडायची. दोन वर्षांनी फक्त सात जागा मोकळ्या उरल्या होत्या. तिच्या ओळीखाली एका गवंड्याने नुकतीच आपल्या नावाची पहिली दोन अक्षरं काढली होती. त्याला तर थापी सोडून खडू धरायचीसुद्धा लाज वाटायची.

मग नवे पाळक आले. भला माणूस, पण पायाला भिंगरी. एकदा त्यांनी काकांना विचारलं, "दोन वर्षांत किती जण वाचायला लागले?"

"दोघं. आणि मावशी होत आलीय."

"होत आलीय म्हणजे?"

"म्हणजे जोडाक्षरं राहिलीत, साहेब."

पाळकांनी नुसती मान हलवली. त्या रविवारी बाहेरून पाहुणे यायचे होते. त्यांना पुढची योजना समजावून सांगायला पाळकांना फळा हवा होता. कोपऱ्यातली ती वेडीवाकडी अक्षरं पाहुण्यांसमोर बरी दिसेनात. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि चौकटीतून फिरवलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'एका वर्षात दुप्पट!' कशाच्या दुप्पट? दोन वर्षांची मेहनत दोन हातांत पुसून हे कसली वाढ शिकवणार होते? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला तोंड कुठे आहे!

मंगळवारी मावशी आली. रिकामी चौकट बघून दारातच थांबली. "मला काढलं वाटतं," एवढंच म्हणाली आणि पुस्तक काखेत धरून परत गेली. गवंडी तिच्या मागेच उभा होता. तोही गेला.

शिंपीकाका पाळकांना हाताला धरूनच माझ्यासमोर घेऊन आले. "साहेब, प्रभूने बारा शिष्यांना तीन वर्षं बरोबर ठेवलं. शेवटच्या जेवणालासुद्धा ते आपल्यात मोठा कोण यावरून भांडत होते. अजून शिकले नाहीत म्हणून त्याने त्यांना काढून टाकलं का? पाय धुतले त्यांचे! आणि तुम्ही काय केलंत?"

पाळकांचा चेहरा उतरला. ते त्याच दिवशी इस्त्रीच्या टपरीवर गेले आणि माफी मागितली. मावशी म्हणाली, "बसा. इस्त्री तापायला वेळ लागतो." चांगला तासभर बसवून ठेवलं म्हणे! मला बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी ती आली. आठवून सगळी ओळ पुन्हा लिहिली, सात जागा तशाच मोकळ्या सोडून. त्या भरायला पाच महिने लागले. पाळक दर मंगळवारी मागच्या बाकावर बसून बघत. शेवटी एका रविवारी मावशीने ती ओळ सगळ्यांसमोर वाचली. एका ओळीला चार मिनिटं लागली, पण कुणी चुळबूळ केली नाही. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "माझ्यासाठीच होती." ओळ कोणती ते मी सांगणार नाही. ती तिची आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी वर्गाचा, संघाचा, मंडळीचा पुढारी होईल. तेव्हा कृपा करून अर्धवट दिसणाऱ्या कामावर फडकं फिरवू नका. आधी विचारा, हे कुणाचं आहे आणि कुठवर आलंय.

माझा राग अजून गेलेला नाही. पाळकांनी गवंड्याचाही शोध घेतला, पण बांधकाम संपवून तो दुसऱ्या गावी निघून गेला होता. चौकटीत मावशीच्या ओळीखाली दोन अक्षरांची जागा रिकामी आहे. आता पाळकच ती कुणाला वापरू देत नाहीत.