जिन्यावरून धावलेली टोपी

मी एक जुनी टोपी आहे. उन्हाची किंवा थंडीची नव्हे. मेंदूच्या लहरी मोजणारी, तारांची. लातुरात क्लासच्या पाट्यांनी आभाळ झाकलेल्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, उमैमा मॅडमच्या खोलीत माझा जन्म गेला.

मित्रांनो, माझं काम मुलांच्या डोक्यावर बसण्याचं. मेंदू शांत झाला की पडद्यावरचा फुगा वर जातो, घाबरला की खाली येतो. फुगा पाहता पाहता मूल स्वतःला सावरायला शिकतं. मला शत्रू एकच, तेल. परीक्षा जवळ आली की आया इतकं तेल थापत, की मला मेंदूऐवजी नुसतं खोबरेल ऐकू येई.

शिवकन्या औशाकडची, हुशार. पण बाक जरा हादरला की ती उठून बाहेर पळे. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा महिन्यावर आली होती. तिथे बाहेर पडली की वर्ष गेलं.

एकदा तिचा फुगा नुकताच वर चढला होता. तेवढ्यात शेजारच्या बांधकामावर काँक्रीटचा मिक्सर घरघरला. कोपऱ्यात बसलेले तिचे वडील शिवप्पा ओरडले, "भाईर!" आणि तिचा हात धरून जिन्याने सुटले. तिच्या डोक्यावर मी, माझ्यामागे तारा, तारांमागे यंत्राचा डबा, डब्यामागे मॅडम.

खाली चहावाला जलील म्हणाला, "मामा, पोरीला चार्जिंगला लावलं होतं का?"

"हसायलास व्हय? भूकंपात हसला असतास का?"

"मामा, मिक्सर आहे तो," मॅडम धापा टाकत म्हणाल्या.

वर आल्यावर त्यांनी समजावलं. मेंदूत खोलवर बदामाएवढा पहारेकरी असतो. तो आधी ओरडतो. कपाळामागचा भाग सावकाश विचार करून त्याला गप्प करतो. मग त्यांनी मला शिवप्पांच्याच डोक्यावर बसवलं. फुगा जमिनीला चिकटला.

"मशीन बंद हाय तुमची."

"चालू आहे, मामा."

"मग फुग्यात हवा न्हाई."

शिवकन्या हसली. तेही हसले, आणि मधेच थांबले.

"भूकंपाच्या त्या पहाटे कुणी वरडलंच न्हाई, मॅडम. माझा धाकटा भाऊ घरातच ऱ्हायला. म्हणून मी वरडतो."

शिवकन्या जवळ सरकली. "अप्पा, आवाज आला की मी आधी तुमच्याकडं बघते. तुम्ही बसलात, तर मी बसते."

तेव्हापासून बापलेक मला आळीपाळीने घालू लागले. पाय टेकवायचे, लांब श्वास सोडायचा, छताला टांगलेला पंखा झोके घेतो का ते बघायचं; घेत नसेल तर भूकंप नाही. शिवप्पा फुग्याला दरडावत, "चढ की रं!" तो आणखीच खाली येई.

परीक्षा झाल्यावर दोघं थेट आमच्याकडे आले.

"टँकर गेला, मॅडम. बाक हादरला. मी अर्धी उठले, पंख्याकडं बघितलं, बसले. पेपर पुरा केला."

"आणि मामा?"

"मी गेट धरून हुतो. वाचमन म्हनला, सोडा. म्हनलं, थांब जरा, श्वास सोडायलोय."

आता बिनतारी पट्टा आलाय आणि मी खुंटीला आहे. मित्रांनो, माझ्या तारा तुटल्या तर नव्या मिळतात. गेलेलं माणूस मिळत नाही. म्हणून घरातलं मोठं माणूस विनाकारण ओरडलं, तर हवं तर हसून घ्या, मग त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला अजून कुणाला तरी बाहेर काढायचं असतं.