काकांनी सांभाळून घेतलं

बसण्याआधी सोफेवाल्याने खुर्चीची शिवण अंगठ्याने चाचपली. सवय. गादी पार बसली होती. बरीच माणसं इथे रडून गेली असावीत.

समोर डॉक्टरीणबाई, बाजूला दुभाषी. परक्या मुलखात आपला आजार आपल्या भाषेत सांगता यावा, ही सरकारी सोय. आपल्या भाषेचा दुभाषी हा आपल्याच माणसांतला निघणार, एवढं मात्र सरकारच्या ध्यानात आलं नव्हतं. हे काका आपल्या लोकांच्या मंडळाचे खजिनदार होते, फावल्या वेळात लग्नं जुळवायचे, आणि त्यांचा सख्खा पुतण्या सोफेवाल्याच्या खोलीत, शेजारच्याच खाटेवर झोपायचा.

"घाबरू नकोस," काका म्हणाले. "इथलं बाहेर जात नाही."

बाहेर नेणारा माणूस आतच बसला होता.

सोफ्यांच्या कारखान्यात कापड ताणताना सोफेवाल्याने पिनांचं यंत्र स्वतःच्याच तळहातावर दोनदा चालवलं होतं. पहिल्यांदा सगळ्यांनी अपघात म्हटलं. दुसऱ्यांदा मुकादमाने त्याचा चेहरा पाहिला आणि इथे पाठवलं.

बाईंनी काहीतरी विचारलं.

"जगणं नकोसं का वाटतं, विचारतायत."

हे उत्तर त्याने नळाखाली उभं राहून पाठ केलं होतं. सहा जणांच्या खोलीत एकटं बोलायला तेवढीच जागा.

"मला बायका आवडत नाहीत, काका. पुरुष आवडतात. गावी एक होता. त्याच्या लग्नात सगळे फोटो मीच काढले." तो थांबला. "खोलीत कळलं तर खाट जाईल, घरी कळलं तर घर. रोज वाटतं, आपणच जावं. एवढं सांगा त्यांना."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बाईंकडे वळून बोलले. बराच वेळ, अगदी मायेनं.

सोफेवाल्याला इथली भाषा कारखान्यापुरती यायची: हो, नाही, लांब, हात सांभाळ आणि बायको. बायको मुकादमाच्या प्रत्येक विनोदात असे. काकांच्या बोलण्यात ती पुन्हा पुन्हा येत होती. सोफेवाल्याचं लग्नच झालं नव्हतं.

बाईंचा चेहरा निवळला. ओळखीचा आजार सापडला की डॉक्टरांचा निवळतो तसा. दुभाष्याला मध्ये न घेता त्यांनी थेट त्यालाच, सोप्या शब्दांत विचारलं,

"बायको लांब?"

'नाही' हा त्याने इथे शिकलेला पहिला शब्द. त्याने काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. चष्मा पुन्हा त्यांच्या हातात होता.

"हो," तो म्हणाला.

जिन्यात त्याने कठडा धरला.

"मी काय बोललो, काका, आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"बायकोच्या आठवणीने झुरतोय म्हटलं. सांभाळून घेतलं रे. त्यात लाज नाही."

"मला बायको नाही."

"होईल. बाई म्हणाल्या, तिला इकडे आण, बरं वाटेल." काका एक पायरी उतरून थांबले. मागे न बघता म्हणाले, "मलाही हेच सांगितलं होतं. इथेच. तेव्हाचा दुभाषी फार सज्जन माणूस."

"मग?"

"आणली की." काकांनी छत्री काखेत मारली. "आता दोघंही रात्रभर जागे असतो."