काट्यावरचे उणे पन्नास

आधीच सांगतो, मला येड लागलेलं न्हाय. मोडनिंबला हायवेवर सतरा वर्सं माझा ट्रकांचा वजनकाटा हाय. या बडेसाबच्या काट्यात दहा किलोची खोट दाखवा, मिशी उतरवीन.

रोज सकाळी काटा झाडायचा आन् खोलीत येऊन झिरोचं बटण दाबायचं, ही माझी रीत. त्या दिवशी माझी पोरगी मेहनाज काट्याच्या लोखंडावर उभी राहून खिडकीतून माझं डोकं खात हुती. सोलापुरात फिजिक्स शिकायची ना!

"अब्बा, रिकाम्या जागेतबी एक क्षेत्र भरलेलं असतं. शून्य न्हाईच ते. बारके कण त्याच्यात गुततात, म्हणून त्यांना वस्तुमान येतं. जो जास्त गुतला तो जड. उजेड गुततच न्हाय."

"दिसतंय का तुजं क्षेत्र?"

"न्हाय की. कणांची जोरात धडक घडवायची, मग त्याच्यात लाट उठती. तशी लाट जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत घावली. आता दोन लाटा एकदम उठत्यात का, ते तपासायचंय. त्यावरनं क्षेत्राचा स्वभाव कळंल."

मला काय कळतंय कप्पाळ! ऐकता ऐकता सवयीनं बोट गेलं आन् झिरो दाबला. ती काट्यावर असतानाच. ती उतरली तसं पडद्यावर आलं, उणे पन्नास. लई हसली. "अब्बा, मला शून्यात घातलं की!" म्हणाली आन् स्कूटीवरनं जुळे सोलापुरातल्या तिच्या भाड्याच्या खोलीकडं निघाली. पोचली न्हाय. वाटेत टँकरनं उडवली.

त्यानंतर मी झिरो दाबलाच न्हाय. भरली गाडी पन्नासनं कमी दिसायची, रिकामीबी तेवढीच कमी; मालाचं वजन बरोबरच निघायचं. कुणाला पत्ता न्हाय. बंद करून चालू केला तर काटा आपसूक शून्यावर येतो, म्हणून सहा महिने बंदच केला न्हाय. लाईट जाईल म्हणून दोन बॅटऱ्या लावल्या. उणे पन्नास दिसलं की वाटायचं, पोर आत्ताच उतरून गेली. तिचं तेवढंच उरलं हुतं माझ्याकडं.

मे महिन्यात वजनमापेवाले साहेब तपासणीला येणार म्हणून निरोप आला. आदल्या दिवशी दुपारी काटे दुरुस्त करणारा भारत आला. हा झिरो दाबंल म्हणून मी त्याला खोलीच्या दारातच अडवलं, नको नको ते बोललो.

"चाचा, भांडताय कशाला?" तो खिडकीतून आत बघत म्हणाला. "पडद्यावर शून्यच हाय की."

या अल्ला! खरंच शून्य. काट्यावर चिटपाखरू न्हवतं.

"तू दाबलंस?"

"तुमी आत येऊ दिलं कुटं?"

काटा झाडून काढला, माती न्हाय, काय न्हाय. पडदा अडकला असंल म्हणून स्वतः चढलो. मी सत्तर किलोचा. "किती रे?"

"सत्तर."

उतरलो. पुन्हा शून्य. काटा चांगला चालत हुता.

"उद्या पास बघा," भारत खूश झाला.

मला रडूच फुटलं. उणे पन्नासाचं शून्य करायला तिचेच पन्नास लागतात. साहेब बघून जातील, काटा पास हुईल, तवर माझी लेक उन्हात उभी. पुढच्या तपासणीलाबी उभी. माझ्या हट्टापायी पोरगी अडकून पडली हुती. बाप हाय का कोण मी?

खिडकीशी गेलो. "उतर बेटा. लोखंड तापलंय, पाय भाजतील."

पडद्यावर उणे पन्नास आलं.

"चाचा, हे काय झालं?" भारत पांढरा पडला.

मी बटणावर बोट ठेवलं. लई येळ ठेवलं. मग दाबलं.

काटा पास झाला. अजूनबी रोज सकाळी झाडतो. ती उभी राहायची तेवढी जागा सोडून झाडतो.