लेकीच्या नावाचं वादळ

चक्रीवादळांची नावं आधीच ठरवून ठेवायची असतात. तो काम करायचा त्या वेधशाळेत सगळ्यांना नावं सुचवायला सांगितली, तेव्हा त्यानं हौसेनं आपल्या लेकीचं नाव दिलं. बायकोनं ते लेक पोटात असतानाच ठरवलं होतं, आणि बाळंतपणात ती गेली. आईनं दिलेलं म्हणून पोरीजवळ तेवढंच होतं. ते साऱ्या जगानं रेडिओवर ऐकावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

नकाशे काढणाऱ्या मावशी म्हणाल्याही, "अहो, वादळाला कुणी घरच्या माणसाचं नाव देतं का?"

"मावशी, निम्मी वादळं समुद्रातच विरतात. हेही विरेल." शहाणाच तो! माणसाचं ज्ञान आणि माणसाची हौस एका खोलीत कधी नांदत नाहीत.

यंदा त्या नावाची पाळी आली. लेक शाळेत नुसती मिरवत होती. तो घरी आला की विचारायची, "बाबा, मी आज कुठवर आले?" मग तो नकाशावर बोट ठेवून दाखवायचा, आणि दोघं हसायची.

पण समुद्र तापलेला होता. वादळानं बघता बघता अंग धरलं. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतकं जबर वादळ कुणी पाहिलं नव्हतं. मावशींनी हवेच्या दाबाचा आकडा तपासून तपासून डोळे लाल केले. रेडिओवर बातमीपत्र वाचायचं काम त्याचंच. आज अमक्या बेटावर धडकलं, आज बंदर बुडवलं, आज इतके गेले, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला लेकीचं नाव. लेकीनं कुठवर आले ते विचारायचं सोडून दिलं.

शेवटी ते त्यांच्याच शहरावर आलं. छप्पर गेलं, तशी बापलेक एका शाळेत आसऱ्याला आली. तिथं बायका ते नाव घेऊन बोटं मोडत होत्या. "माझं घर खाल्लं मेलीनं. वाटोळं होवो तिचं!" लेक गुडघ्यात मान घालून सगळं ऐकत होती. त्याला वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं, शिव्या मला द्या. पण धीर झाला नाही.

चार दिवसांनी मावशींनी निरोप आणला. फार विध्वंस करणाऱ्या वादळाचं नाव पुन्हा कधी वापरत नाहीत, तसं हेही कायमचं बाद झालं होतं.

त्यानं लेकीला जवळ घेतलं. "आता कुठल्याच वादळाला ते नाव देणार नाहीत. ते फक्त तुझं, बाळा."

"सगळ्यांनाच नको झालंय ते, बाबा. मग मीच कशाला ठेवू?"

दोघं पाण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पाणी वाटणाऱ्या बाईंनी लेकीच्या हातात भांडं देताना मायेनं विचारलं, "नाव काय गं तुझं?"

लेकीनं बापाकडे पाहिलं. मग हळूच स्वतःच्या ऐवजी आईचं नाव सांगितलं.

"गोड नाव आहे हो," बाई त्याला म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला, आणि लेकीच्या हातातलं भांडं त्यानं आपल्या हातात घेतलं, कारण ते सांडत होतं.